आशीर्वादाचा रेडीरेकनर

मावळात जमिनीला भाव आला, तसा देवाच्या आशीर्वादालाही आला. सोमाटणे फाट्यावरून परंदवडीकडे आणि पुढे बेबडओहोळकडे जाणारा रस्ता धरा. भातखाचरांत फक्कीच्या रेघा मारून पाडलेले प्लॉट दिसतील आणि कडेला फलक: एन.ए., क्लिअर टायटल, एक्स्प्रेस वेपासून अमुक मिनिटांवर. ही जाहिरातीची भाषा आता आमच्या उपासनेत शिरली आहे. साक्ष द्यायला उभा राहिलेला भाऊ सांगतो, प्रभूने गुंठ्याला चांगला भाव मिळवून दिला, प्रभूनेच टू बीएचके दिला, आणि पुढचं दार उघडलं की फॉर्च्युनरही देणार आहे. मंडळी आमेन म्हणते. मागच्या बाकावर कंपनीत कंत्राटी काम करणारा, यंदाही पर्मनंट न झालेला एक जण बसलेला असतो. तोही आमेन म्हणतो. घरी जाताना त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: मग माझं काय चुकलं?

या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. तो त्याच्या मनात येशूने घातलेला नाही. तो घातला आहे समृद्धीची सुवार्ता सांगणाऱ्यांनी, मंचावरून आणि मोबाइलवरून, वर्षानुवर्षं.

त्यांचं म्हणणं असं आहे. देव विश्वाचा राजा, आपण त्याची मुलं. राजाच्या मुलाने लोकलला लटकत जाणं हा बापाचा अपमान. ख्रिस्ताने वधस्तंभावर पापासोबत आपलं दारिद्र्यही वाहून नेलं, तेव्हा आता गरीब राहणं म्हणजे फुकट मिळालेलं तारण अर्धवट घेणं. विश्वास दाखवायचा तर दशांशातून, आणि दशांशाच्या वर विशेष अर्पणातून, ज्याला ते ‘बी’ म्हणतात. बी पेरा, शंभरपट घ्या. दशांश पगाराच्या ढोबळ आकड्यावर द्यायचा की पी.एफ. कापून हाती येणाऱ्या, यावरही त्यांच्याकडे प्रवचनं आहेत. आणि एवढं करूनही काही आलं नाही तर? दोष देवाचा नसतो, प्रचारकाचा तर नसतोच. तुझा विश्वास कमी पडला. अशी योजना कोणी चिटफंडवाल्याने काढली असती तर त्याच्यावर गुन्हा दाखल झाला असता.

आधी आपल्या तालुक्यापुरतं बोलू. रस्त्यालगतच्या जमिनीचा भाव हा आशीर्वाद असेल, तर पवना धरणाखाली ज्यांची जमीन गेली त्यांना काय मिळालं? शाप? धरण १९७२ साली पूर्ण झालं. अनेक धरणग्रस्त कुटुंबांची पुनर्वसनाची मागणी पुढच्या पिढीपर्यंत पोचली. एकाच नदीचं खोरं, एकाच जातीची माती. एकाच्या वावराशेजारून द्रुतगती मार्ग गेला, दुसऱ्याच्या वावरावर पाणी चढलं. हा फरक रस्ता आखणाऱ्या आणि धरण बांधणाऱ्या खात्यांच्या नकाशांनी केला. तो कोणाच्या उपासतापासाने केला असं म्हणायला जीभ कशी रेटते? तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. तो निर्णय अमेरिकेतल्या कंपनीचा होता. त्या दिवशी इथल्या शेकडो कामगारांचा विश्वास एकदम ढासळला होता काय?

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा लोकांनी नेमका हाच हिशेब मांडला होता. येशूने तो साफ नाकारला: मेलेले इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप याचं की आईबापांचं? त्याने तोही प्रश्न उडवून लावला. दुर्दैवाचा हिशेब पापावरून मांडू नका असं ज्याने सांगितलं, त्याच्याच नावाने सुदैवाचा हिशेब पुण्यावरून मांडायचा, ही हिंमत मोठीच म्हणायची.

आता वचनांकडे येतो, कारण हे लोक वचनांशिवाय पाऊल टाकत नाहीत. त्यांचं लाडकं वचन योहानाच्या तिसऱ्या पत्रातलं, अगदी सुरुवातीचं. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांनी १९४७ साली ते वाचलं आणि देव माणसाची भरभराट इच्छितो याचा साक्षात्कार आपल्याला झाला, असं त्यांनीच पुढे सांगितलं. पाठोपाठ एक नवी ब्यूक गाडीही दारात आली. आता हे वचन आहे तरी काय? गायस नावाच्या मित्राला पत्र लिहिताना घातलेला मायना. आपल्या आजोबांच्या प्रत्येक पोस्टकार्डावर ‘वि. वि. आपण सर्व मंडळी खुशाल असाल’ असं असायचं. त्यावरून खुशालीची कायदेशीर हमी कोणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

दुसरं लाडकं वचन यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं, देवाच्या मनातल्या हिताच्या संकल्पांचं. ते कॅलेंडरवर असतं, किल्ल्यांच्या जुडग्यावर असतं, लग्नपत्रिकेवर असतं. त्याच्या आधीची ओळ मात्र कुठेच नसते. त्या ओळीत सत्तर वर्षं आहेत. हे पत्र बाबेलला पकडून नेलेल्या कैद्यांना आहे आणि त्यांना सांगितलंय की लवकर सुटका नाही. घरं बांधा, बागा लावा, ज्या शहराने तुम्हाला बंदी केलं त्याचंही भलं मागा. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण परक्या मातीतच मरणार होते. त्याच्या मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो सांगत होता, दोन वर्षांत सगळं परत मिळेल, लुटलेली भांडीकुंडीसुद्धा. लोकांना तो आवडत असणार, मंडपही भरत असणार. बायबल त्याला खोटा संदेष्टा ठरवतं. आज तो असता तर त्याच्या चॅनेलला यिर्मयापेक्षा कितीतरी जास्त सबस्क्रायबर असते.

आणि बी. मावळातल्या शेतकऱ्याला बियाण्याबद्दल शिकवायला निघणं हाच मुळात विनोद. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये इंद्रायणी दिला, त्याचा सुवास घरोघरी आहे. इथे कोणालाही विचारा, बी कुठे टाकतात? स्वतःच्या खाचरात. दुसऱ्याच्या खाचरात बी टाकून स्वतःच्या अंगणात पोत्यांची वाट पाहणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते इथे छापण्याजोगं नाही. बरं, ज्या दाखल्यातून हे शंभरपट उचललं, तो दाखला तरी वाचावा. मार्कच्या चौथ्या अध्यायात येशूने अर्थ स्वतः फोडून सांगितला आहे: बी म्हणजे वचन. पैसाही त्या दाखल्यात आहे, पण काट्यांच्या यादीत. संपत्तीचा मोह हे काटे, ते वाढतात आणि रोपाची वाढ खुंटवतात. ज्याला येशूने काटे म्हटलं, त्यालाच हे पीक म्हणून विकतात.

शंभरपट घरं आणि शेतं मिळतील असं त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातही आहे, हे मान्य. पण त्याच यादीत ‘छळ’ही आहे, आणि तो कोणी आपल्या साक्षीत मोजत नाही. ती घरं कोणाची, हेही पुढे कळतं. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा आपलं शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवतो. गरजेप्रमाणे वाटप होतं. मंडळीतल्या प्रत्येकाचं घर तुझं, म्हणून तुला शंभर घरं. ज्याच्या नावावर शंभर फ्लॅट आहेत असा एकही माणूस त्या पुस्तकात नाही. मार्कच्या त्याच दहाव्या अध्यायात श्रीमंत माणूस दुःखी होऊन निघून जातो आणि उंट सुईच्या नाकाशी अडतो. तिथे मात्र लगेच सांगण्यात येतं की जेरुसलेमला सुईचं नाक नावाचा एक बुटका दरवाजा होता, उंट गुडघ्यांवर बसून आत जायचा. अशा दरवाजाचा त्या काळातला कसलाही पुरावा नाही. मिळण्याबद्दलची वचनं शब्दशः घ्यायची आणि सोडण्याबद्दलची अलंकारिक, असा यांचा व्याकरणाचा नियम दिसतो.

यावर त्यांचा हुकमी एक्का म्हणजे अब्राहाम. तो श्रीमंत होता की नाही? होता. गुरं, चांदी, सोनं, सगळं. पण मावळात अब्राहामाचं नाव काढताना जपावं, कारण त्याची गोष्ट जमिनीची आहे. चराईवरून गुराख्यांची भांडणं लागली तेव्हा वडीलधारा या नात्याने पहिली निवड त्याची होती. त्याने ती पुतण्या लोटाला दिली. लोटाने पाणथळ, सपाट, आजच्या भाषेत ‘रोड टच’ जमीन घेतली आणि सदोमात जाऊन पोचला. बाप-चुलत्यांच्या हिश्शासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या तालुक्यात हा उतारा वाचून कोणी प्रवचन केलेलं मी ऐकलं नाही. आणि ज्याला अख्खा देश देण्याचं वचन होतं त्या अब्राहामाच्या नावावर आयुष्यात सातबारा किती झाला? साराला पुरायला चारशे शेकेल चांदी मोजून विकत घेतलेलं एक शेत आणि त्यातली गुहा.

उरला ईयोब. त्याला शेवटी दुप्पट मिळालं हे सगळ्यांना पाठ आहे. मधले पस्तीसेक अध्याय कोण वाचतो? त्यात ईयोबाचे मित्र त्याला परोपरीने पटवतात की तुझ्या हातून काहीतरी घडलंय, त्याशिवाय देव असं करणार नाही. पश्चात्ताप कर, भरभराट परत येईल. हीच ती समृद्धीची सुवार्ता, बायबलमध्येच, चांगली विस्ताराने मांडलेली. आणि शेवटी देवाचा राग कोणावर होतो? या मित्रांवर.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाने हा माल परदेशातून मागवावा याची तर मला लाजच वाटते. हे प्रचारक स्वतःला पवित्र आत्म्याच्या संजीवनाचे वारस म्हणवतात. ठीक. ते संजीवन जगभर पसरलं त्याचा उगम म्हणून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं नाव घेतात, साल १९०६. त्याच्या आदल्या वर्षी, १९०५ मध्ये, आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तसंच संजीवन झालं होतं. कोणावर उतरला तो आत्मा? १८९६ नंतरच्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या मुलींवर, बालविधवांवर, टाकलेल्या बायकांवर. विसावं शतक उजाडताना तिथे दोन हजारांच्या आसपास जीव होते. त्यांना गाड्या मिळाल्या नाहीत. त्यांना विणकाम, शेती, छपाई आली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते आश्रमाच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी जुळवलं गेलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये आलं. एवढा वारसा घरात असताना संपत्तीचा अर्थ विचारायला ओरल रॉबर्ट्सच्या ओक्लाहोमाला जायचं?

ना. वा. टिळकांचं उदाहरण दिलं की हे लोक म्हणतात, ते कवी होते, त्यांचं वेगळं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना टिळकांनी घर, जात, बायकोची सोबत, सगळं पणाला लावलं. १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांच्या देण्याच्या सवयीने घरात काय काय ओढवायचं ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय, आणि त्या काही नवऱ्याची आरती करणाऱ्या बाई नव्हत्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं टिळक सांगत. तो पूल देहूत सुरू होतो, इथून फार लांब नाही. सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखतं ज्याने इंद्रायणीत सोडली असं परंपरा सांगते, त्या वाण्याकडून जो ख्रिस्तापर्यंत पोचला त्याला कर्जमाफी कशी दिसते हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

समृद्धीच्या प्रचारकांचे एक भाऊबंद बाहेरही आहेत. ते म्हणतात, ख्रिस्ती लोक दुधाच्या भुकटीसाठी आणि तांदळासाठी बाटले. दोघे एकमेकांचा द्वेष करतात, पण दोघांचा सिद्धांत एकच: ख्रिस्ती होणं हा फायद्याचा सौदा आहे. दोघांनीही एक सरकारी कागद वाचावा. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५०. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. म्हणजे नगर जिल्ह्यातला महार किंवा मांग ख्रिस्ती कागदावर ख्रिस्ती राहतो तेव्हा अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, राखीव जागा, सगळ्यावर पाणी सोडतो. हा सौदा असेल तर फार वाईट सौदा आहे. तरीही तो करणारी माणसं आहेत, आणि त्यांनाच तुम्ही सांगता की तुमचा विश्वास तुमच्या बँकबुकात दिसला पाहिजे?

इथे मला अडवून विचारतात: मग काय, गरीबच राहायचं? तुमच्यासारख्या पोटभरल्यांना त्यागाच्या गोष्टी सुचतात. यातला दुसरा भाग मी ऐकून घेतो. गरिबीत पवित्र असं काही नाही. उपाशी पोराच्या आईला संतोषाचं प्रवचन देणारा माणूस मला फॉर्च्युनरवाल्याइतकाच नकोसा वाटतो. पण पहिल्या भागाचं उत्तर महाराष्ट्रात कृतीने देऊन झालंय. हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट फादर नगरच्या दुष्काळी गावांत अनेक दशकं राहिले. १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभी केली. गावांपुढे अट होती: श्रमदान करा, चराईबंदी पाळा, कुऱ्हाडबंदी पाळा, मग बांधबंदिस्ती. पाणी मुरलं, विहिरींना आलं, आणि ते हिंदूच्या विहिरीलाही आलं. ही समृद्धी नाही तर काय? फक्त तिच्यात एकट्याचं ‘माझं दार उघडलं’ असं म्हणायची सोय नव्हती. शेजाऱ्याच्या शेळ्या आवरल्याशिवाय माझ्या विहिरीला पाणी नाही, अशी ती रचना होती.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचंही असंच. बागायतीला बिल्डरांचे भाव येऊ लागले नेमके तेव्हाच ते हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले. आजच्या हिशेबाने त्यांनी हजारो विश्वासणाऱ्यांचा आशीर्वाद अडवला म्हणायचा!

देणगी मागण्याला माझी हरकत नाही. तळेगावात १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडे मागितला तो एकेक पैसा. त्या बदल्यात शंभर पैसे घरी येतील असं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि पैसा कुठे गेला ते धुराडं बघून कळत होतं. अमेरिकेत २००७ मध्ये सिनेटर चक ग्रासली यांनी सहा बड्या दूरचित्रवाणी प्रचारकांना विमानं आणि बंगल्यांचे हिशेब विचारले, तेव्हा त्यातल्या बहुतेकांनी पूर्ण कागद दिलेच नाहीत. आपल्याकडच्या मंडपांत अर्पणाच्या पिशव्या फिरतात. जमाखर्चाचा तक्ता दाराशी लागलेला कोणी पाहिलाय का?

येशू ज्याच्या घरी जेवायला गेला आणि ज्याच्या घरात आज तारण आलं असं म्हणाला, तो जक्कय. जकातदार, श्रीमंत, लोकांना लुबाडून गब्बर झालेला. समृद्धीच्या सुवार्तेप्रमाणे येशूच्या पायगुणाने त्याची तिजोरी दुप्पट व्हायला हवी होती. झालं उलटंच. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं खोटेपणाने घेतलं त्याला चौपट परत. संध्याकाळपर्यंत जक्कय बराच हलका झाला असणार. त्याने हे जाहीर केल्यावर येशू तारणाचं बोलला, आधी नाही. ख्रिस्ती माणसाच्या पैशाला बायबल दोनच प्रश्न विचारतं, तो कोणाकडून आला आणि कोणापर्यंत गेला. किती आहे हा प्रश्न हे प्रचारक विचारतात, आणि तो त्यांचा स्वतःचा आहे.

म्हणून एकच मागणं, तेही त्यांच्याच आवडत्या पानावरचं. दशांशाच्या प्रत्येक सभेत मलाखीचा तिसरा अध्याय उघडतात आणि दहावं वचन वाचतात: सगळा दशांश भांडारात आणा, मग मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही पाहा. तो दशांश कोणासाठी होता हे अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहे. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. पण तेवढं लांब जायलाही नको. त्याच पानावर पाच वचनं मागे या. तिथे देव साक्षीदार म्हणून उभा राहतो, जादूटोणा करणाऱ्यांच्या आणि व्यभिचाऱ्यांच्या विरुद्ध, आणि त्याच ओळीत मजुराची मजुरी दाबणाऱ्यांच्या, विधवेला, अनाथाला, परक्याला नाडणाऱ्यांच्या विरुद्ध. तळेगाव, चाकणच्या पट्ट्यात येऊन पुढची सभा घ्याल तेव्हा हे पाचवं वचन आधी वाचा, माइकवर, सावकाश. कंपन्यांना माणसं पुरवणारे ठेकेदार समोर बसलेले असतीलच. पुढच्या रांगेत असतील, कारण मंडपाचं भाडं बऱ्याचदा तेच देतात.